नागवेलीचा विटाळ

"आक्का, वेल गेली. सुनेला उद्या संध्याकाळच्या गाडीनं माहेरी धाडून राहिलो. तू येऊन जा."

पाशामियाँनं चंद्रप्रभाबाईंना भावाचा निरोप जसाच्या तसा सांगितला आणि पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. नांदेडाहून अर्धापूरपर्यंत तो केळीच्या रिकाम्या गाडीत बसून आला होता. चंद्रप्रभाबाई केळीच्या बागेत उभ्या होत्या, हातात विळा. सगळं अर्धापूर त्यांना आक्काच म्हणायचं, आणि त्यांच्या तोंडाला भ्यायचं.

"वेल गेली म्हणजे कुठं गेली? पाय फुटले का तिला?"

"वाळली, बाईसाब."

"मग सून कशापायी चालली?"

"सूनबाईच्या विटाळानं वाळली म्हणत्यात." पाशामियाँनं मान खाली घातली. "मैं क्या बोलूं? मी पाणी घालणारा माणूस."

आक्कांनी हातातला विळा केळीच्या बुंध्यात असा मारला की पाशामियाँ दोन पावलं मागं सरला.

ती नागवेल आक्कांच्या आईनं लावलेली. नांदेडच्या घरामागच्या परसात, पांगाऱ्याच्या सात झाडांवर सात वेली. दर चैत्रात तिची पहिली पन्नास पानं माहूरच्या रेणुकेला जायची. आक्कांचा धाकटा भाऊ दत्तोपंत वैद्यकी करायचा, त्याचं खोकल्याचं औषध त्याच पानांच्या रसातलं. घरात म्हण पडून गेली होती, वेल वाळली की घर वाळलं. आईनं ती म्हण वेलीला वेळेवर पाणी मिळावं म्हणून पाडली होती. आता त्याच म्हणीनं एका पोरीचा गळा धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आक्का नांदेडात उतरल्या. दिवस सोमवारचा. गाडी सहाची. हातात सहा तास होते.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना आवाज ऐकू आला. आतून कुणीतरी कुणाला तरी झापत होतं, आणि आवाज असा ठणठणीत की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

"असली अवदसा घरात ठेवाल तर उद्या चुलीतला विस्तवसुद्धा विझेल, भावोजी!"

तो रेणुकादास. दत्तोपंताच्या बायकोचा, विमलचा, धाकटा भाऊ. कीर्तन करायचा, आणि सहा वर्षं बहिणीच्याच घरी जेवायचा. घरात उर्दू वाचणारा तेवढाच एक अशी दत्तोपंताची समजूत, म्हणून कचेरीचा कागद आला की दत्तोपंत न उघडता मेव्हण्याच्या हातात द्यायचा.

आक्का आत आल्या तसा तो आवाज बंद झाला, आणि दत्तोपंत बहिणीची नजर चुकवून दवाखान्याकडे निघाला.

विमलनं पाय धुवायला पाणी दिलं. आक्कांनी पाय धुतले नाहीत. "आधी बोल. काय झालं, कधी झालं, कुणी पाहिलं?"

विमल रडायच्या बेतात होती. "मार्गशीर्षात तुळस गेली. विनीता बाहेर बसलेली, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली आणि बघतो तर तुळस करपलेली. पौषात मोगरा, तसाच. तिच्या चौथ्या दिवशी. आम्ही तेव्हाबी काही बोललो न्हाई. आता वेल."

"आताबी बाहेर बसली होती का ती?"

"न्हाई ना! तेच तर." विमलनं पदर तोंडाला लावला. "रेणू परवा शनिवारी किनवटाहून आला. परसात गेला, वेल बघितली आणि आल्या पावली म्हणाला, हिनं बाहेरची असताना वेलीला हात लावला. मी म्हटलं, अरे, ह्या महिन्यात ती बाहेर बसलीच न्हाई. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. बसली न्हाई म्हणजे लपवलं! विटाळशी देवघरात वावरली, सैपाकाला शिवली. आक्का, सगळं घर बाटलं हो."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. तोंडातून शब्द काढत न्हाई."

"सगळ्यांसमोर," आक्का म्हणाल्या. "सासरा, मामा, पाणक्या, सगळ्यांसमोर सतरा वर्षांच्या पोरीला विचारलंस, तुझी पाळी कधी आली म्हणून. आणि ती बोलली न्हाई याचं नवल करून राहिलीस."

 आक्का उठल्या आणि परसाकडे निघाल्या.

पानवेलीत चपला घालून कुणी जात नाही. आक्कांनी चपला दाराशी काढल्या. पाशामियाँ मागून आला, त्यानंही जोडे काढले.

सातही वेली उभ्या वाळल्या होत्या. आक्का पहिल्या वेलीच्या बुडाशी बसल्या. एक पान तोडलं, उजेडात धरलं. पानाची कड विडीनं जाळावी तशी तांबडी, कुरकुरीत. आत शिरेजवळ मात्र अजून हिरवटपणा शिल्लक. दुसरं पान तसंच. तिसरं तसंच.

मग त्यांनी वेलीचा बुडखा नखानं खरवडला. आत हिरवं निघालं. नाकाशी नेला. वास नाही.

"मर लागली म्हणत होते वैदराज," पाशामियाँ म्हणाला.

"दत्तूला माणसाची नाडी कळते, झाडाची न्हाई. मर लागली की बुडखा काळा पडतो, बोटानं दाबला की पिचकतो, आणि असा नासका वास मारतो की नाक धरावं लागतं. हा तर टणक हाय. पाणी जास्त झालं की पान पिवळं पडून मऊ होतं. ऊन लागलं की पानाच्या मधोमध डाग पडतो, तोही उन्हाच्या अंगाला. कीड लागली की पान आवळतं. ह्यातलं एक तरी दिसतंय का तुला?"

"न्हाई जी."

"कडेकडेनं आत जळत आलेलं पान काय सांगतं?"

पाशामियाँला ठाऊक नव्हतं. आक्कांनी बुडाशी पसरलेला पालापाचोळा बाजूला केला. खाली, आळ्याच्या मातीवर, भस्म फासावं तसा पांढुरका थर होता. त्यांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, थुंकली.

"चाख."

पाशामियाँनं चाखली. त्याचे डोळे मोठे झाले. "या अल्ला! मीठ!"

"हळू. भिंतीला कान असतात, ह्या घराच्या भिंतीला तर तोंडबी हाय. कुणाला बोलायचं न्हाई."

त्यांनी सातही आळी बघितली. सातही मिठाची. प्रत्येक वेलीभोवती कुणीतरी खुरप्यानं वर्तुळ उकरलं होतं, त्यात मीठ ओतलं होतं आणि वरून पाचोळा नीट पसरून झाकलं होतं.

"तुझ्या पखालीतलं पाणी दे."

"बाईसाब, पखालीचं?"

"बहिरा हायेस का? ओत हातावर."

पाशामियाँनं भीतभीत पखालीचं तोंड सोडलं. आक्कांनी ओंजळ लावून पाणी प्यायलं. गोड. परसातल्या विहिरीचं. आपल्या हातचं पाणी ब्राह्मणाच्या बाईनं प्यायलेलं बघून तो म्हातारा पखालीचं तोंड बांधायचंच विसरला.

"वेल मलूल कधी दिसली पहिल्यांदा?"

"गेल्या सोमवारी कडा लाल झाल्या. मला वाटलं तहानली. म्हणून दोन पखाली जादा घातल्या, तर आणखीच जळाली. माती ओली आणि वेल तहानलेली, असं कधी बघितलं न्हाई जी."

"त्याच्या आधी काही येगळं बघितलंस?"

तो विचारात पडला. "गांडुळं. एके दिवशी सकाळी सगळी गांडुळं वर येऊन मरून पडली होती. ढिगानं. मी कोंबड्यांना नेली, तर कोंबड्यांनी तोंड लावलं न्हाई."

"कोणता दिवस?"

"बुधवार. गेल्या बुधवारच्या आधीचा. पक्का. मंगळवारी दुपारनंतर मी आलोच नव्हतो. माझ्या आबेदाला बघायला देगलूरचे पाहुणे आले होते."

"सोयरिक जमली?"

"जमली जी."

"बरं झालं. तुझ्या आबेदामुळं माझंबी काम जमतंय."

विनीता मागल्या खोलीत होती. तिची पत्र्याची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. पोर भिंतीला टेकून बसली होती. आक्का आत येताच तिनं हातातलं काहीतरी झटकन पदराखाली घेतलं. तिच्या ओठाला लालसर भुकटी लागली होती.

आक्कांनी ती भुकटी बघून घेतली. "तुझे वडील उदगीरला मास्तर हायेत ना?"

"हो, आत्याबाई."

"आई?"

"मी नऊ वर्षांची होते तेव्हा वारली."

"नवऱ्याची चिठ्ठी येते का हैदराबादेहून? माधवाची?"

"येते. संक्रांतीला दहा दिवस येऊन राहून गेले. पण त्यांना ह्यातलं कळवलेलं नाही कुणी."

"वेलीला हात लावायचीस?"

"रोज लावायची. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, धूळ बसते म्हणून." तिनं दोन्ही हात पुढं केले. "आत्याबाई, माझ्या हातात खरंच काही आहे का? तुळसही माझ्याच वेळेला गेली. मोगराही."

"तुझ्या हातात काही न्हाई. दुसऱ्याच्या हातात होतं. ह्या घरात कुणाशी भांडण तुझं?"

"कुणाशीच नाही."

"आठव. कुणी रागावलं?"

"एकदाच. कार्तिकात. कचेरीचा चपराशी एक कागद देऊन गेला. मामंजी दवाखान्यात होते. मी सहज वरची ओळ वाचली. बाबांनी शिकवलंय मला उर्दू, त्यांच्या शाळेत सगळं उर्दूतच चालतं. तेवढ्यात रेणूमामा आले आणि हातातून हिसकावून घेतला. म्हणाले, बाईच्या जातीनं कचेरीचे कागद वाचू नयेत, नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मग मामंजींना म्हणाले, विहिरीच्या पट्टीचा कागद आहे, नीट ठेवा. मामंजींनी देवघरातल्या पोथीत ठेवला."

"काय होती ती ओळ?"

"मला वाटलं, माझं चुकलं असेल वाचायला." तिनं मान हलवली. "विहिरीच्या पट्टीचं तर काही दिसलं नव्हतं."

आक्का उठल्या. जाताना झाकलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं. "हे गार झालेलं खाऊ नको. आणि ट्रंकेची दोरी सोड."

"पण सासूबाईंनी..."

"सोड म्हणते ना!"

स्वैपाकघरात विमल तांदूळ निवडत होती. आक्कांनी कोपऱ्यातला मिठाचा माठ तिरका केला. आत बोटभर मीठ.

"कधी भरलास?"

"दिवाळीत. गळ्यापर्यंत. लोणची तर आम्ही उन्हाळ्यात घालतो, तरी यंदा कसा काय सरला कोण जाणे." विमलनं जरा विचार केला. "रेणू नेतो की रोज. घसा बसलाय ना त्याचा. दिवाळीपासून गुळण्या चालल्यात. मिठाचं पाणी करून परसात जातो."

"तुझ्यासमोर नेतो मीठ?"

"आपल्याच हातानं घेतो. कीर्तनकाराचा घसा म्हणजे त्याचं धन, आक्का."

 गल्लीतून ऐकलेला आवाज अजून त्यांच्या कानात वाजत होता.

रेणुकादास ओसरीवर पाय पसरून सुपारी कातरत होता. आक्कांना बघून त्यानं पाय आखडले.

"किनवटला कधी गेला होतास?"

"गेल्या नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारी. संध्याकाळच्या गाडीनं. माघातली कीर्तनं होती, आक्कासाहेब. परवा शनिवारी आलो. अकरा दिवस घराचं तोंड पाहिलं नाही."

"रोज कीर्तन?"

"रोज. लोक ऐकतच नाहीत, एखाद्या दिवशी दोन झाली."

"आणि मंगळवारी दुपारी?"

"दुपारी काय? सगळं घर झोपलेलं. मीही पडलो होतो." तो हसला. "आक्कासाहेब, मी नसताना वेल वाळली. मला काय विचारायचं? विचारायचं तर त्या भिस्त्याला विचारा. कातड्याच्या पखालीचं पाणी देवीच्या वेलीला! मी भावोजींना किती वेळा सांगितलं."

"दोघांपैकी कुणामुळं वाळली म्हणतोस तू? सुनेमुळं का भिस्त्यामुळं?"

त्याच्या हातातला अडकित्ता थांबला. आक्का आत गेल्या आणि दवाखान्यातून दत्तोपंताला बोलावणं धाडलं.

चार वाजता सगळे ओसरीवर बसले. दत्तोपंत, विमल, रेणुकादास. पाशामियाँ पायरीखाली उभा. विनीताला आक्कांनी हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारी, सतरंजीवर, बसवलं. विमलनं सतरंजीकडे बघितलं. आक्कांनी विमलकडे बघितलं. विमलनं नजर काढून घेतली.

"दत्तू," आक्का म्हणाल्या, "वेल विटाळानं मेली न्हाई. मिठानं मेली. सातही आळ्यांत मीठ ओतलंय. विश्वास नसंल तर जा, माती चाख. मी चाखली, पाशानं चाखली."

दत्तोपंताच्या तोंडाचा आ झाला. "मीठ? कुणी?"

"भिस्त्यानं!" रेणुकादास उसळला. "मी म्हटलंच होतं. त्याच्या पखालीत..."

"पखालीतलं पाणी मी प्यायले. गोड हाय."

"आक्का!" दत्तोपंत अर्धा उठला. "पखालीचं पाणी प्यालीस तू?"

"प्याले. मेले का? समोर बसून बोलून राहिले ना? तुझ्या घरात मिठाचं पाणी कोण पाजतं ते बघायला मला पखालीचं प्यावं लागलं. खाली बस."

दत्तोपंत खाली बसला.

"आता मीठ आलं कुठून? माठातून. दिवाळीत भरलेला माठ माघात तळाला गेला. कोण नेत होतं, विमल?"

विमलचा चेहरा पांढरा पडला. "रेणू... पण ते गुळण्यांना."

"गुळणीला चिमूट लागते. तीन महिने सकाळ-संध्याकाळ केल्या तरी वाटीभर सरंल, अख्खा माठ न्हाई. आणि घसा बसलाय कुणाचा? गल्लीच्या तोंडाशी ऐकला मी तो घसा. बसलेल्या घशानं अकरा दिवस रोज कीर्तन करतं का कुणी, कधी दोन दोन?"

"मी परसात गुळण्या करत होतो," रेणुकादास घाईघाईनं म्हणाला. "पडलं असेल थोडं खारं पाणी झाडाशी. मला काय माहीत झाडाला बाधतं? चुकलं. त्यात एवढं..."

"गुळणी एका जागी पडते. सात झाडांभोवती खुरप्यानं वर्तुळ उकरून, आत जिरवून, वर पाचोळा घालून झाकत न्हाई."

"पण मी इथं नव्हतोच!" त्याचा आवाज पुन्हा चढला. "भावोजी, सांगा. वेल गेल्या आठवड्यात जळाली. मी किनवटला. शंभर माणसं साक्ष देतील."

दत्तोपंत आशेनं म्हणाला, "ते खरं हाय, आक्का. तो न्हवता."

"इथंच तर त्याची हुशारी." आक्कांचा आवाज खाली आला, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, तो खाली आला की पळावं. "मीठ घातल्याबरोबर पान जळत न्हाई. मीठ आधी मुळाशी जातं. मुळाला पाणी पिऊ देत न्हाई. वेल भोवती पाणी असून तहानते. पाच-सहा दिवसांनी पानाच्या कडा लाल होतात, आठ-दहा दिवसांत वाळते. पाशानं जादा पाणी घातलं, तर ते आळ्यातच राहिलं, मीठ आणखी विरघळून आत गेलं. म्हणून आणखी जळाली. पण एक जीव असा हाय जो मिठानं लगेच मरतो. पाशा, सांग."

"गांडुळं जी. बुधवारी सकाळी."

"बुधवारी गांडुळं मेलेली सापडली. म्हणजे मंगळवारी दुपारनंतर मीठ ओतलं. मंगळवारी पाशा आला नव्हता. घर झोपलं होतं. आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं कोण किनवटला गेलं?"

सगळ्यांच्या नजरा रेणुकादासाकडे वळल्या. दूर कुणाच्या तरी अंगणात कांडण चाललं होतं, तेवढाच आवाज.

"तुळस, मोगरा, तीच रीत. हा दिवस मोजायचा. सून बाहेर बसली की आख्ख्या घराला दिसते, लपवायची सोय कुठं ठेवलीय आपण? पुढची पाळी कधी येईल त्याचा अंदाज बांधायचा, आठ-दहा दिवस आधी मीठ ओतायचं. पोरगी चौथ्या दिवशी न्हाऊन येते आणि झाड करपलेलं. बघणाऱ्यानं बघत राहावं! पुरुषासारखा पुरुष, देवाचं नाव घेणारा, भाचेसुनेच्या पाळीचं पंचांग मांडून बसला. थू!"

विनीतानं तोंड पदरात लपवलं. तिचे खांदे हलत होते.

"पण ह्या खेपेला गणित चुकलं. शनिवारी आल्या आल्या हा काय म्हणाला, विमल? तूच सांगितलंस."

"म्हणाला, बाहेरची असताना हात लावला."

"अकरा दिवस घरी नसलेल्या माणसाला ती बाहेर बसली होती हे कुणी सांगितलं? कुणीच न्हाई, कारण ती बसलीच न्हाई. त्यानं धरूनच ठेवलं होतं. तू अडवलंस तशी पलटी मारली, मग लपवलं म्हणाला. आणि तू ते गिळलंस."

"पण आक्का," विमल कशीबशी म्हणाली, "मग ती का बसली न्हाई?"

आक्कांनी विनीताचा पदर ओढला. पदरातून फुटक्या खापरीचा तुकडा खाली पडला. कडेला दातांच्या खुणा.

"तू तीन वेळा बाळंत झालीस, विमल. पोरगी अन्नाला शिवत न्हाई, खापऱ्या खाते, आणि पाळी आली न्हाई. आणखी काय दवंडी पिटायला हवी होती? तिला आई न्हाई सांगायला. तिची तिला खात्री न्हाई. तिला वाटलं, आपल्या हातात विष हाय आणि पोटातबी तेच. तुझं नातवंड घेऊन ती गाडीत बसणार होती आज. विटाळशी म्हणून!"

विमलच्या हातातून पदर गळला. ती पोरीकडे बघत राहिली, जणू ती सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघत होती.

"हे सगळं ठीक," रेणुकादासचा आवाज आता खरोखरच बसला होता. "पण मला काय मिळणार होतं? मी कशाला असं करू?"

"दत्तू, पोथीतला कागद आण. विहिरीच्या पट्टीचा."

रेणुकादास उठला. पाशामियाँ पायरीवरून हलला नाही, फक्त पखाल खांद्यावरून उतरवून दाराच्या वाटेत ठेवली. रेणुकादास परत बसला.

दत्तोपंत कागद घेऊन आला. सवयीनं त्याचा हात मेव्हण्याकडे वळला. मग मध्येच थांबला.

"पाशा, तुला वाचता येतं का?" आक्कांनी विचारलं.

"बाईसाब, उर्दू बोलतो. वाचायला कुणी शिकवलं आम्हाला?"

"मग जिला शिकवलंय तिला दे."

विनीतानं कागद घेतला. पहिली ओळ तिनं पुटपुटत वाचली, मग स्पष्ट. मग मराठीत सांगत गेली. "मी, दत्तोपंत वल्द गोविंदपंत, राजीखुशीनं अर्ज करतो की माझ्या घरामागचं परसू, विहिरीसह, माझे मेव्हणे रेणुकादास यांना हिबा, म्हणजे बक्षीस, दिलं आहे. कुणाची हरकत नाही. खाली मामंजींची सही आहे. पेशी, म्हणजे सुनावणी, फरवर्दी महिन्याच्या दहाला. हरकत असेल तर त्या दिवशी हजर राहून सांगावी."

"फरवर्दीची दहा म्हणजे परवा," दत्तोपंत म्हणाला. तो खांबाला टेकला. "मला म्हणाला होता, पट्टी माफ करायचा अर्ज हाय, सही करा. परवा तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी मी बोलतो."

"परसामागून ठेसनाची सडक निघतेय, परसाला सोन्याचा भाव येणार, ते सगळ्या नांदेडाला ठाऊक हाय," आक्का म्हणाल्या. "अर्ध्या नांदेडाला उर्दू वाचता येतं, पण मेव्हणा घरात असताना तू कुणाला दाखवणार? त्याच्याखेरीज घरात एकच डोकं होतं वाचणारं, आणि त्या डोक्यानं वरची ओळ वाचली होती. कुणाला काही बोलायच्या आत ते घराबाहेर काढायचं होतं. पेशीच्या आत."

रेणुकादास बहिणीकडे वळला. "विमलताई, तुझ्याच माहेराला आलं असतं ते. मी काय परका?"

विमल उभी राहिली. ती आयुष्यात त्या घरात कुणावर ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही.

"तुझी टाळ-पोथी घे आणि नीघ. आणि कुठं कीर्तन करशील तिथं पोरीबाळींच्या पावित्र्यावर बोलू नको. जीभ झडंल."

तो गेला. कुणी त्याला थांबवलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही.

दत्तोपंतानं कपाळाला हात लावला. "आक्का, तू आलीस म्हणून. त्या हलकटानं..."

"त्या हलकटानं मीठ घातलं," आक्का कडाडल्या. "पाणी तुम्ही घातलंत. त्याला ठाऊक होतं, एक झाड वाळवलं की तुम्ही बाकीचं आपणहून कराल. कुणी विचारणार न्हाई, कुणी माती चाखणार न्हाई. बाई दिसली की पुरे. आईनं लावलेली वेल वाऱ्यावर सोडलीस, दत्तू, आणि तिच्या बुडाशी एकदा वाकून बघितलं न्हाईस!"

 आक्कांनी मग पायरीकडे तोंड केलं, आवाज तसाच चढलेला.

"पाशा, ऐक. आळ्यातला वरचा पांढरा थर चार बोटं खरवडून बाहेर फेक, खतात टाकू नको. मग आळं फोडून सरीला तोंड कर. गोडं पाणी भरपूर सोड, पण साचू देऊ नको, वाहून जाऊ दे. माती चाखायची, खारट लागली की परत सोडायचं. असं तीनदा. बुडखा हिरवा हाय, वरची वाळकी वेल चार पेरांवर छाट. लिंबोळीची पेंड घाल, वर गोणपाटाची सावली धर. आणि फुटंपर्यंत जादा पाणी न्हाई. तहानली म्हणून लाड करू नको."

"जी. फुटंल का?"

"दोन-तीन फुटतील. सात फुटणार न्हाईत. केलेलं सगळं भरून येत न्हाई."

पाशामियाँ परसाकडे गेला. विनीता अजून तो कागद हातात धरून बसली होती. आक्कांनी तिच्याकडे बघितलं.

"ट्रंक बांधलेली हाय तुझी. तुला जायचं असंल बापाकडं, तर मी स्वतः पोचवते. कुणी धाडलेली म्हणून न्हाई, आपल्या मनानं. राहायचं असंल तर राहा. आजवर तुला कुणी विचारलं न्हाई. मी विचारून राहिले."

पोरीनं कागदाची घडी घातली. मग तिनं सासऱ्याकडे मान वर करून बघितलं.

"मामंजी, परवा कचेरीत हरकत कोण वाचणार?"

"बघू कुणीतरी. वकील..."

"मी लिहिते आज. परवा मीच वाचीन. तोवर कुठं जात नाही. पुढचं पुढं ठरवीन."

दत्तोपंत चपापला. "सूनबाई, कचेरीत? बायकामाणूस? आणि ह्या अवस्थेत? लोक काय..."

आक्कांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी विमल बोलली.

"टांगा सांगा दोघींपुरता. मी जाते तिच्याबरोबर." तिनं विनीतासमोरचा खापरीचा तुकडा उचलून बाहेर फेकला आणि स्वैपाकघराकडे वळली. "आणि तुम्ही दोन दिवस देवघरात जाऊ नका, तिला काय काय बोललात ते आठवत बाहेर बसा. चल ग विनीता, काय खावंसं वाटतं ते सांग."

विनीता उठली. कागद तिनं कुणाच्या हातात दिला नाही.